डॉक्टरांना विचारलेला प्रश्न हा उपचाराचाच भाग



श्रावणातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. भामरागडच्या पलीकडे पर्लकोटा दुथडी भरून वाहते आहे, पुलावरून पाणी आहे, वाहने दोन्ही तीरांवर थांबली आहेत. पलीकडच्या एका पाड्यात वर्षाच्या आतले एक बाळ दुपारपासून सारखे रडते आहे. त्याच्या जांघेत एक गाठ आहे. ती आईने पूर्वीही पाहिलेली आहे. बाळ रडले की ती वर यायची आणि झोपले की आपोआप नाहीशी व्हायची. आज ती नाहीशी झालेली नाही. ती कडक झाली आहे, बाळ हात लावू देत नाही आणि त्याला उलट्या सुरू झाल्या आहेत. चार महिन्यांपूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी या आईबापांनी ते बाळ एका डॉक्टरांना दाखवले होते. ‘हर्निया आहे, ऑपरेशन करावे लागेल,’ एवढे डॉक्टर बोलले आणि पुढचा रुग्ण आत आला. आईबापांनी मान डोलावली आणि ते घरी परतले. केव्हा करावे लागेल, कोठे करावे लागेल, न केल्यास काय होईल, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

हे चित्र कोणा एका कुटुंबाचे नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या कोणत्याही दूरच्या गावात ते खरे ठरू शकते. त्यातली मेखही साधी आहे. नदीचा पूर कोणाच्या हाती नव्हता आणि बाळाचा आजारही कोणाच्या हाती नव्हता. मात्र चार महिन्यांपूर्वीचे ते चार प्रश्न आईबापांच्या हाती होते. आजचा विषय तेच चार प्रश्न हा आहे.

प्रथम आजार समजून घेऊ. हर्निया हा शब्द आता खेड्यापाड्यात रुळला आहे. त्याला मराठीत अंतर्गळ असे अर्थवाही नाव आहे. आतले आतडे आपली जागा सोडून गळून बाहेर येते, म्हणून अंतर्गळ. आपल्या पूर्वसूरींना हा विकार परका नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांत अंडात पाणी साठल्याने होणारी मूत्रवृद्धी आणि आतडे उतरल्याने होणारी अंत्रवृद्धी अशी स्वतंत्र गणना आहे. बाहेरून सारखी दिसणारी सूज आतून वेगवेगळी असू शकते, हा विवेक तेव्हाही होता. पालकाचा पहिला प्रश्न याच विवेकातून उपजतो.

मुलाचा अंतर्गळ आणि प्रौढाचा अंतर्गळ यांत मोठा भेद आहे. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या शेतकऱ्याच्या पोटाची भिंत झिजते, सैल पडते आणि तेथून आतडे बाहेर डोकावते. बाळाची भिंत झिजलेली नसते. मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे वृषण प्रथम पोटाच्या आत असतात. गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत ते जांघेतल्या वाटेने खाली उतरतात. उतरताना पोटाच्या आवरणाची एक चिंचोळी पिशवी त्यांच्यासोबत खाली येते. पुढे ही पिशवी आपोआप मिटावी अशी निसर्गाची योजना असते. काही बाळांत ती मिटत नाही. मग रडताना, खोकताना किंवा कुंथताना पोटातला दाब वाढला की आतड्याचा भाग त्या उघड्या वाटेने जांघेत उतरतो. उजवे वृषण डाव्याच्या मानाने उशिरा उतरते, म्हणून हा विकार उजव्या बाजूला अधिक दिसतो. मुलींनाही तो होतो, मुलांपेक्षा पुष्कळ कमी प्रमाणात. मुलीत त्या पिशवीत कधी आतड्याऐवजी बीजकोश उतरतो, म्हणून ‘मुलगीच आहे, तिला कुठला अंतर्गळ’ असे म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करू नये.

पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांत एक ते पाच बाळांना जांघेचा अंतर्गळ आढळतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे प्रमाण कितीतरी अधिक असते. आपल्या वनप्रदेशात रक्तक्षयाने खंगलेल्या माता आहेत, अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे आहेत. त्यामुळे ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवायला हवी. बाळ जगले, सावरले, आता सगळे ठीक झाले असे मानून घरचे निश्चिंत होतात. नेमक्या अशाच बाळाच्या जांघेकडे आंघोळ घालताना नीट पाहावे लागते.

आता प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न असा: ‘डॉक्टरसाहेब, ही गाठ नेमकी कशाची आहे?’ हा प्रश्न वरवर भाबडा वाटतो. उपचाराची दिशा मात्र त्यावरच ठरते. बेंबीचा अंतर्गळ असेल तर बहुतेक बाळांत तो चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आपोआप मिटतो. तेथे घाई नको, धीर हवा. अंडात केवळ पाणी साठले असेल तर ते पुष्कळ बाळांत पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जिरते, तेथेही सहसा थांबता येते. वृषण खाली न उतरता जांघेत अडकले असेल तर त्याचे वेळापत्रक निराळे असते आणि साधारण दीड वर्षाच्या आत त्याची शस्त्रक्रिया व्हावी लागते. आणि जांघेचा अंतर्गळ असेल तर तो आपोआप मिटेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. म्हणजे चार गाठी आणि चार निरनिराळी उत्तरे. शेजारच्या बाळाची बेंबी आपोआप बसली म्हणून आपल्या बाळाची जांघ बसेल असे मानणारे आईबाप प्रेमात कमी पडत नाहीत. ते फक्त माहितीत कमी पडतात.

येथे पालकांच्या हाती एक साधे पण मोलाचे साधन आहे. ही गाठ लपाछपी खेळते. घरी दिसते आणि दवाखान्यात बाळ शांत झाले की दिसतच नाही. मग डॉक्टरांना काही सापडत नाही, आईचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही आणि बाळ तसेच परत जाते. आज बहुतेक घरांत भ्रमणध्वनी आहे. गाठ वर आली की तिचे छायाचित्र काढून ठेवावे. कोणत्या बाजूची, केव्हा येते, किती वेळ राहते, आपोआप जाते की नाही, हे सांगता आले पाहिजे. मुलांच्या अंतर्गळाचे निदान मुख्यतः हकिगतीवरून आणि हाताने केलेल्या तपासणीवरून होते. प्रत्येक वेळी सोनोग्राफी लागतेच असे नाही. म्हणून सोनोग्राफी सांगितली गेली तर तिच्यातून काय कळणार आहे, हेही सौम्यपणे विचारावे.

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: वैद्य, औषधी द्रव्य, शुश्रूषा करणारा परिचारक आणि स्वतः रोगी. या चौघांचे गुण सांगताना रोग्याच्या गुणांत स्मरणशक्ती, सांगितलेले पाळणे आणि निर्भयता यांबरोबर आपला विकार वैद्याला नीट सांगता येणे हाही गुण मोजला आहे. रुग्णाने गप्प बसावे अशी आपली परंपरा नाही. तो चार खांबांपैकी एक खांब आहे. तान्हे बाळ बोलू शकत नाही, तेव्हा त्याच्या वतीने हा खांब आईला आणि बापाला व्हावे लागते.

दुसरा प्रश्न: ‘शस्त्रक्रिया केव्हा करायची, आणि थांबलो तर काय होईल?’ जांघेत उतरलेले आतडे त्या चिंचोळ्या वाटेत अडकले, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत आतड्याचा तो भाग निकामी होऊ शकतो. मुलग्यांत वृषणालाही इजा पोचते. अडकण्याचा हा धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक असतो. म्हणून बाळ लहान आहे, जरा मोठे होऊ द्या, हा वडीलधाऱ्यांचा मायेचा सल्ला येथे उलटा पडतो. ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि आतडे अडकल्यावर अपरात्री करावी लागलेली शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत मात्र वैद्यकातही विचार चालू आहे. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा बाळांची शस्त्रक्रिया लगेच करण्याऐवजी काही आठवड्यांनी केली, तर गंभीर गुंतागुंती कमी होतात, असे त्यात दिसले. लगेच शस्त्रक्रिया झालेल्या गटात शंभरातल्या 28 बाळांना, तर उशिरा झालेल्या गटात 18 बाळांना अशा गुंतागुंती झाल्या. यातून काय घ्यायचे? ‘केव्हा’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही, हे घ्यायचे. आणि आणखी एक गोष्ट घ्यायची. शहरातले बाळ थांबते तेव्हा बालशल्यविशारद त्याच्या हाकेच्या अंतरावर असतो. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा किंवा जिवतीच्या डोंगरातले बाळ थांबते तेव्हा त्याच्या आणि शस्त्रक्रियागृहाच्या मध्ये नदी असते, घाट असतो, पावसाळा असतो. नागपूर चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरवर आहे आणि भामरागडहून तर जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच तेवढा प्रवास करावा लागतो. म्हणून वनप्रदेशातल्या पालकाने दुसऱ्या प्रश्नाला एक शेपूट जोडलेच पाहिजे: ‘डॉक्टरसाहेब, आमचे गाव अमुक ठिकाणी आहे, पावसाळ्यात रस्ता तुटतो. हे पावसाळ्याआधी उरकता येईल का? ते जमत नसेल तर चार महिने आम्ही कोठे राहावे?’ ही माहिती डॉक्टरांच्या पुस्तकात नसते. ती पालकाकडेच असते, आणि ती कळली की डॉक्टरांचा निर्णयही बदलू शकतो.

तिसरा प्रश्न: ‘शस्त्रक्रिया कोण करणार, भूल कोण देणार आणि बाळासाठी लागणारी तयारी येथे आहे का?’ मुलांची अंतर्गळाची शस्त्रक्रिया नेमकी असते. ती न मिटलेली पिशवी मुळाशी बांधून तोडायची. प्रौढांना बसवतात तशी जाळी लहान मुलांना सहसा लागत नाही. कोणी जाळीचा खर्च सांगितला तर तो कशासाठी, असे जरूर विचारावे. शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या त्या पिशवीला चिकटून असतात, त्यामुळे हे काम सरावाच्या हाताचे आहे. तान्ह्या बाळाला भूल देणे हे तर स्वतंत्र कौशल्य आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास भुलीनंतर मध्येच थांबू शकतो. अशा बाळाला रात्रभर देखरेखीखाली ठेवण्याची सोय हवी, आणि म्हणून बाळ किती दिवसांचे जन्मले हे पालकाने आपणहून सांगायला हवे.

याच प्रश्नाला आपल्या भागाचा एक खास पोटप्रश्न जोडलेला आहे, तो सिकलसेलचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अनेक समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. सिकलसेलच्या मुलाला शस्त्रक्रियेच्या वेळी प्राणवायू कमी पडला, शरीरातले पाणी घटले किंवा अंग गार पडले तर जिवावरचे संकट ओढवू शकते. हे आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ त्याची काळजी घेतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले आणि तपासणी आता गावपातळीवर पोचते आहे. बाळाची तपासणी झाली असेल तर ते कार्ड बरोबर न्यावे, झाली नसेल तर ‘आधी ही तपासणी करावी का?’ असे विचारावे. ताप येऊन गेला असेल तर तेही सांगावे, कारण आपल्या जंगलपट्ट्यात हिवतापाचा विचार नेहमीच करावा लागतो. सर्दी-खोकला असेल तर ठरलेली तारीख पुढे ढकलणेच बहुधा हिताचे ठरते. उपाशी किती वेळ ठेवायचे, हेही स्पष्ट विचारून घ्यावे. सर्वसाधारण नियम आईच्या दुधासाठी चार तासांचा, वरच्या दुधासाठी आणि हलक्या अन्नासाठी सहा तासांचा असतो. रडते म्हणून आजीने गुपचूप पाजलेले दूध भुलीच्या वेळी श्वासनळीत जाऊ शकते, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून ठेवावे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो: ‘शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत घरी काय पाहायचे, आणि कोणती खूण दिसली की क्षणभरही थांबायचे नाही?’ खुणा अशा आहेत. गाठ कडक होणे आणि आत न जाणे, तिच्यावरची कातडी लाल किंवा काळपट होणे, बाळाचे न थांबणारे रडणे, उलट्या, त्यातही हिरवट उलट्या, पोट फुगणे. यांतले काही दिसले की दाबून गाठ आत ढकलण्याचा आटापिटा घरी करू नये, बाळाच्या तोंडात काही घालू नये आणि तडक 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. बेंबीवर नाणे बांधणे, जांघेला घट्ट पट्टा आवळणे, पोटाला चटके देणे यांतल्या कशानेही ही पिशवी मिटत नाही. नाण्याने कातडी चिघळते, पट्ट्याने अडकलेले आतडे अधिक दाबले जाते आणि चटक्याने तर निष्पाप जिवाला दुसरा आजार जडतो.

सामान्य खेडूत आईला हे सारे कसे कळणार, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर गडचिरोलीनेच जगाला दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू केले. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यदूत म्हणून घडवले आणि नवजात बाळाच्या धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवले. 39 गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. ज्या मातीतल्या स्त्रिया नवजाताचा जंतुसंसर्ग ओळखू शकल्या, त्या मातीतली आई कडक झालेली गाठ ओळखणार नाही, असे म्हणणे म्हणजे तिचा अवमान करणे होय. तिला फक्त एकदा नीट सांगावे लागते.

प्रश्न केवळ रुग्णाने विचारायचे आणि डॉक्टरांनी उत्तरे द्यायची, एवढाच हा व्यवहार नाही. या दोन जिल्ह्यांत उलट दिशेचे प्रश्नही विचारले गेले, आणि त्यांतूनच मोठे काम उभे राहिले. ‘सर्च’ने रुग्णालय बांधण्याआधी गोंड बांधवांना विचारले की तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते? उत्तरे आली ती अशी. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहून मन दचकते, आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. मग शोधग्रामातला दवाखाना एखाद्या आदिवासी पाड्यासारखा उभा राहिला. घरच्यांना रुग्णाजवळ राहता येईल अशा झोपड्या झाल्या आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. बाहेरून येणाऱ्या शल्यविशारदांच्या मदतीने तेथे शस्त्रक्रिया शिबिरे भरत आली आहेत आणि अंतर्गळाच्या रुग्णांना त्यांचा मोठा आधार झाला आहे.

हेमलकसाची कथाही याच अंगाने वाचावी. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने 23 डिसेंबर 1973 रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि भूलशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे तेथे गेले, तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे भाषा नव्हती. रुग्ण माडियात बोलणार आणि डॉक्टर मराठीत ऐकणार, मग कोठे दुखते हे तरी कसे कळावे? त्यांनी आधी माडिया भाषा आत्मसात केली. औषधाच्या आधी शब्द गेला, शब्दाच्या मागून विश्वास आला आणि विश्वासाच्या मागून रुग्ण आले. 2008 मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला.

भाषेचा हा मुद्दा आजही जुना झालेला नाही. गडचिरोलीत माडिया आहे, गोंडी आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, कोरचीकडे छत्तीसगढी आहे, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली आहे. पालकाला मराठीत नीट बोलता येत नसेल तर त्याने आशाताईला किंवा गावच्या शिकलेल्या मुलाला बरोबर न्यावे आणि दुभाष्यानेही आपले मत न मिसळता जसेच्या तसे सांगावे. आणखी एक सूचना घरातल्या पुरुषांना. दवाखान्यात बहुधा बाप बोलतो आणि आई मागे उभी राहते. बाळाला न्हाऊ घालणारी, त्याचे रडणे ओळखणारी तीच असते. म्हणून तिला पुढे बसवावे आणि बोलू द्यावे.

संमतीपत्राचेही तसेच आहे. कागद पुढे येतो, ‘येथे सही करा’ किंवा ‘अंगठा द्या’ असे सांगितले जाते आणि शाई लावलेला अंगठा टेकवला जातो. वस्तुतः संमती म्हणजे समजून दिलेला होकार. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्याच्या निकालात हे स्पष्ट केले आहे. उपचार कोणता, त्यात धोका काय, पर्याय काय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसे सांगितल्यावरच ती संमती खरी ठरते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा आणि आपली कागदपत्रे मिळण्याचा हक्क नमूद आहे. म्हणून अंगठा देण्याआधी ‘यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवा’ असे म्हणण्यात उद्धटपणा नाही. दुसरे मत घेणे हाही पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. जाणता डॉक्टर त्याने दुखावत नाही.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ पालक तारीखच घेत नाहीत. त्यांना काही गोष्टी माहीत हव्यात. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांची तपासणी करते आणि पुढील उपचारांसाठी पाठवते. हा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्या पथकाला गाठ दाखवावी. राज्याच्या जीवनदायी योजनेचा आरंभ 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत गडचिरोली होता. 2017 पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपल्या मुलाची शस्त्रक्रिया त्यात बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, हे त्याला विचारावे. चंद्रपूरला 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गडचिरोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. अंतर हळूहळू घटते आहे. ते पुरते घटेपर्यंत विचारपूस हाच रस्ता आहे.

एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूनेही सांगायला हवी. सरकारी दवाखान्यातल्या एकट्या डॉक्टरापुढे सकाळपासून रांग असते. त्याच्याकडे प्रत्येकासाठी फार थोडा वेळ असतो. म्हणून प्रश्न घरीच ठरवावेत, कागदावर लिहावेत आणि चारच विचारावेत. सोबत दहा माणसे नेऊन गराडा घालू नये. पडताळणी करण्यासाठी किंवा उलटतपासणीच्या सुरात विचारू नये. आवाज चढवून किंवा धाक घालून मिळालेले उत्तर उपचाराच्या उपयोगाचे नसते. डॉक्टरांनीही सांगितल्यानंतर एकच वाक्य बोलावे: ‘आता तुम्हाला काय समजले ते मला सांगा.’ ते ऐकले की काय पोचले आणि काय वाटेत सांडले, हे त्यांना लगेच कळेल.

आणि कार्यकर्त्याचे काय? गावोगाव हिंडणाऱ्या, वनवासी पाड्यांवर जाणाऱ्या, घरोघरी पाणी पिणाऱ्या कार्यकर्त्याने डॉक्टर होण्याची गरज नाही. त्याने तीन कामे करावीत. पहिले, उन्हाळ्यातच विचारावे की कोणाच्या लेकराच्या जांघेत किंवा बेंबीत गाठ आहे का? दुसरे, तसे बाळ आढळले तर मृगाच्या आधी त्याला दवाखान्यात नेण्याची व्यवस्था लावावी आणि स्वतः सोबत जावे. तिसरे, परत आल्यावर डॉक्टर काय बोलले ते घरच्यांच्या भाषेत पुन्हा सांगावे आणि धोक्याच्या खुणा त्यांच्याकडून वदवून घ्याव्यात. याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. लागते ती आस्था आणि थोडी चिकाटी.

पुन्हा एकदा त्या पर्लकोटेच्या तीरावर जाऊ. तोच श्रावण आहे, तोच पूर आहे, पुलावर तेच पाणी आहे. चार महिन्यांपूर्वी त्या बापाने दाराशी जाऊन मागे वळून विचारले होते, ‘साहेब, केव्हा करायचे? आमच्याकडे पावसाळ्यात रस्ता बंद होतो.’ डॉक्टरांनी हातातले काम थांबवले, दिनदर्शिका पाहिली आणि वैशाखातली तारीख दिली. आता बाळाच्या जांघेत एक पुसट होत चाललेली रेघ तेवढी आहे. बाळ आईच्या मांडीवर झोपले आहे. बाहेर नदी गर्जते आहे आणि घरात कोणाला तिची भीती वाटत नाही.

या दोन चित्रांत अंतर आहे ते एका प्रश्नाचे. तो विचारण्याचे धैर्य प्रत्येक पालकाला लाभो आणि त्याचे उत्तर देण्याइतका वेळ प्रत्येक डॉक्टराला मिळो.